कानसेन आणि आईचा खोकला

१२ जानेवारी

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मनातलं काही लिहायची सोय नाही. कोण कुठून डोकावेल, सांगता येत नाही. घरचा कॉम्प्युटर बायकोही वापरते. म्हणून ही वही. कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवणार आहे, आणि जागा आठवड्याला बदलणार आहे.

काल आमच्या मॉडेलची मोठी चाचणी झाली. तीन वर्षं आम्ही एकाच गोष्टीमागे आहोत: माणसाचा नुसता खोकला ऐकून त्याला क्षय आहे की नाही, ते सांगायचं. छातीच्या दवाखान्यातल्या वॉर्डात जाऊन, ज्यांचा आजार तपासणीत पक्का झालाय अशांचे खोकले फोनवर घेतले. निरोगी लोकांचे त्यांच्या घरी, कॉलेजात, बँकेत जाऊन घेतले. हे दोन ढीग मॉडेलला ऐकवले, आणि फरक काय तो त्याने आपला आपण शोधला. आम्ही त्याला लाडाने कानसेन म्हणतो. काल त्याला आधी कधीच न ऐकवलेले, मुद्दाम बाजूला ठेवलेले खोकले दिले. शंभरात शहाण्णव उत्तरं बरोबर आली!

संचालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नेमका तेव्हाच कोणीतरी फोटो काढला, त्यामुळे थाप माझ्यासाठी होती की फोटोसाठी, याचा निवाडा अजून झालेला नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या संख्याशास्त्रवाल्या बाईंनी नाही वाजवल्या. त्या म्हणाल्या, "सर, इतके चांगले आकडे आले की मला भीतीच वाटते." मी त्यांना शंकाबाई म्हणतो, अर्थात मनात. दुसऱ्याचं चांगलं झालं की काहींच्या पोटात दुखतं, त्याला औषध नाही.

१५ जानेवारी

ठरलं. एक एप्रिलपासून कानसेन गावोगावच्या लहान दवाखान्यांत जाणार. तिथे ना छातीचा एक्स-रे फोटो काढायचं यंत्र, ना छातीचा डॉक्टर. कानसेन ज्याला रोगी म्हणेल त्याला शहरात पाठवायचं, निरोगी म्हणेल त्याला घरी. हजारो लोकांची पायपीट वाचेल. हे मी स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणतो आणि प्रत्येक वेळी बरं वाटतं.

शंकाबाईंनी आज नवीन फाटा फोडला. म्हणे वॉर्डातल्या सिस्टरांचे, भेटायला येणाऱ्या नातेवाइकांचे खोकलेही घेऊ या. "ते आजारी नाहीत," मी म्हटलं. "म्हणूनच," त्या म्हणाल्या. हे असं अर्धवट बोलायचं आणि चष्मा पुसत बसायचं. या कामाला दोन महिने जातील आणि एप्रिल हुकेल, हे त्यांना कळत नाही थोडंच! एप्रिल हुकावा असं कोणाला वाटत असेल, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. आमच्यासारखंच काम करणारे आणखी दोन गट आहेत.

१९ जानेवारी

आईला दोन आठवडे खोकला आहे. बायको म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ या. मी म्हटलं, घरात कानसेन असताना डॉक्टर कशाला? आईला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि कानसेन उघडून फोन समोर धरला.

"याच्यापुढे खोकायचं?" आई म्हणाली. "डॉक्टर निदान जीभ तरी बघतो. हे मेलं नुसतं ऐकणार!"

"खोक गं आई."

"आता येत नाही. तू असा टक लावून बसलास की खोकलाही लाजतो."

मग आला, आणि बराच वेळ आला. उत्तर: निरोगी, ब्याण्णव टक्के. मी फोन बायकोला दाखवला. तिने बघितल्यासारखं केलं आणि भांडी विसळायला लागली. माझ्या कामावर माझ्याच घरात विश्वास नाही. लोकांना सांगितलं तर हसतील.

२६ जानेवारी

आई पुन्हा निरोगी, चौऱ्याण्णव टक्के. सुधारणा आहे.

एक काम परस्पर झालं. आमच्या निरोगी ढिगात वयस्कर बायकांचे खोकले फार कमी होते. आईचे आजवरचे सगळे त्यात घातले आणि कानसेनला नव्याने शिकवलं. आई म्हणाली, "म्हणजे मी आता नोकरीला लागले का?" मी म्हटलं, लागलीस. पगाराचं विचारून तिने मला भंडावून सोडलं.

३ फेब्रुवारी

शंकाबाईंनी माझ्या आईपर्यंत मजल मारली.

सगळ्यांसमोर विचारलं, "सर, या बाईंना निरोगी असं कोणी लिहिलं? फोटो काढलाय? थुंकी तपासलीय?"

मी म्हटलं, "मॉडेलने सांगितलं."

"म्हणजे मॉडेलनेच सांगायचं आणि मग मॉडेललाच शिकवायचं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, ती माझी आई आहे, तिला मी रोज बघतो. त्यावर माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की जणू माझ्या घरात काहीतरी वाईट घडलंय आणि मलाच सांगितलेलं नाही.

८ फेब्रुवारी

घरात कुठेतरी पाणी मुरतंय.

पुरावे: एक, मी स्वयंपाकघरात शिरलो की आई आणि बायको बोलायचं थांबवतात. दोन, ताईचे फोन वाढलेत आणि ते बायकोच्या फोनवर येतात, माझ्या नाही. सख्ख्या भावाला डावलून बहीण वहिनीशी एवढं काय बोलते? तीन, आई हल्ली आपले रुमाल आपणच धुते, तेही न्हाणीघराचं दार लावून. घरात कपडे धुवायचं मशीन असताना! बायकोने तिला कामाला लावलं असणार, किंवा आईला तसं वाटावं असं काहीतरी बोलली असणार.

माझा निष्कर्ष: ताईला आईला आपल्याकडे न्यायचंय. आणि बायको तिला सामील आहे.

आईला सरळ विचारलं, "तुला ताईकडे जायचंय का?"

"मी कुठे जाते! मला तुझ्याकडे नोकरी आहे," आई म्हणाली. हसताना तिला ठसका लागला आणि ती उठून आत गेली.

११ फेब्रुवारी

आईच्या घड्याळाचा पट्टा महिन्यापूर्वी नवा बसवला होता. आता घड्याळ मनगटावरून पार कोपराकडे घसरतं. घड्याळवाल्याकडे जाऊन भांडलो. तो म्हणतो, पट्टा आहे तेवढाच आहे. फसवायचं आणि वर मलाच शहाणपण शिकवायचं! एक भोक जास्त पाडून आणलं.

१४ फेब्रुवारी

वॉर्डात शेवटचे काही खोकले घ्यायला गेलो. छपरापाशी मोठा पंखा आहे. आतली हवा बाहेर फेकण्यासाठी तो सतत चालू ठेवावा लागतो. मला आता तो जाणवतही नाही. वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, "साहेब, तुमच्या त्या फोनला पेशंटपेक्षा आमचा पंखाच जास्त ऐकू येत असेल."

मी समजावलं, की गोंगाटातून नेमकं वेचणं हेच तर मॉडेलचं काम. त्या "बरं बाई" म्हणाल्या आणि हसल्या. नंतर कळलं की मागच्या आठवड्यात शंकाबाई इथे येऊन यांच्याशी बराच वेळ बोलत होत्या. म्हणजे कान भरून झालेत. आता सिस्टरही त्यांच्याच बोलीत बोलणार.

२० फेब्रुवारी

आज सोक्षमोक्ष लावला. संचालकांना भेटून स्पष्ट सांगितलं: या बाई मुद्दाम पायात पाय घालतायत. त्यांना कोणीतरी फोडलंय. संचालकांनी पाच मिनिटं छताकडे बघितलं आणि शंकाबाईंना दुसऱ्या कामावर घातलं. मला वाटलं होतं, थोडं तरी समजावावं लागेल. इतक्या चटकन ऐकलं, म्हणजे त्यांनाही आतून हेच हवं असणार. याचाही विचार करायला हवा.

टेबल आवरताना शंकाबाई माझ्याकडे आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "सर, एकच करा. एकदा त्या वॉर्डात जाऊन तुम्ही स्वतः खोका."

मला क्षय व्हावा अशी या बाईची इच्छा! इतकी वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला आणि शेवटी हे.

२८ फेब्रुवारी

दुपारी लवकर घरी आलो (मुद्दाम). घरात कोणी नाही. चारच्या सुमारास आई आणि बायको लिफ्टमधून बाहेर आल्या. आई भिंतीला धरून उभी होती.

"कुठे गेला होतात?"

"कापड बघायला," बायको म्हणाली.

"मग कापड कुठाय?"

"आवडलं नाही."

बायकोच्या अंगाला फिनेलचा वास येत होता. कापडाच्या कुठल्या दुकानात फिनेलचा वास येतो? ताई या शहरात गुपचूप आली असेल आणि कुठल्यातरी स्वस्त हॉटेलात उतरली असेल, असा माझा कयास आहे. उद्या चार ठिकाणी फोन करून बघतो.

१ मार्च

सहा हॉटेलं. ताई कुठेही नाही.

४ मार्च

काय लिहू?

संध्याकाळी बायकोने मला बेडरूममध्ये नेऊन दार लावलं. म्हणाली, "बस. आणि माझं पूर्ण होईपर्यंत बोलू नकोस." कापडाचं सांगितलं त्या दिवशी त्या दोघी छातीच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. आईला क्षय आहे. दोन्ही फुफ्फुसांत पसरलाय. वजन फार उतरलंय, म्हणून काही दिवस दवाखान्यात ठेवणार आहेत.

मी म्हटलं, "नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. त्या लॅबमध्ये कोण बसतं, तुला माहीत आहे?"

ती म्हणाली, "मला माहीत होतं तू हे म्हणणार. म्हणूनच तुला न सांगता नेलं. ताईंनीच सांगितलं, त्याला आधी सांगू नकोस, तो यंत्र काढून बसेल."

मी यंत्र काढलं. काय करणार? बाहेर जाऊन फोन आईपुढे धरला. तिने मुकाट्याने खोकून दाखवलं. निरोगी, पंचाण्णव. मी तो आकडा घेऊन दिवाणखान्याच्या मधोमध उभा होतो आणि बायको आईचे कपडे बॅगेत भरत होती. मला दोघींचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. एकीकडे एक अनोळखी डॉक्टर, दुसरीकडे माझी तीन वर्षं. कोणाचं खरं मानायचं?

६ मार्च

सकाळी आईला भरती केलं. योगायोग म्हणजे आमचाच वॉर्ड. सिस्टरांनी मला ओळखलं. सगळ्यांना तोंडाला मास्क. आई पलंगावर इतकी लहान दिसत होती, की मी एकदा बाहेर जाऊन आलो.

मग राहवेना. फोन काढला. आई खोकली. उत्तर आलं: रोगी, सत्त्याण्णव टक्के!

खरं सांगतो, मला आनंद झाला. पलंगावर आई, आणि मला आनंद झाला. मी बायकोला म्हटलं, "बघ! आजार आत्ता उमटलाय. आधी तो खोकल्यात उतरलाच नव्हता. कानसेन तेव्हाही बरोबर होता आणि आजही बरोबर आहे." तिला फरक कळावा म्हणून मी मास्क खाली करून स्वतः फोनपुढे खोकलो.

रोगी, शहाण्णव.

पहिला विचार आला तो हा, की आईने मला आजार दिला. दुसरा शंकाबाईंचा. त्यांची वाणी खरी झाली! बायकोला म्हटलं, तू खोक. तिने माझ्याकडे बघून घेतलं आणि खोकली. रोगी, शहाण्णव. तेवढ्यात आईला फोटोसाठी चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं, बायकोही बरोबर गेली. मी एकटा उरलो. आजूबाजूचे दोन पलंग मोकळे होते. मी फोन आईच्या पलंगावर ठेवला, बटण दाबलं आणि श्वास रोखून धरला. कोणी खोकलं नाही. वरचा पंखा तेवढा चालू होता.

रोगी, अठ्ठ्याण्णव.

अख्ख्या वॉर्डात सगळ्यात जास्त आजारी रिकामा पलंग होता.

खाली गेटाबाहेर जाऊन खोकलो. निरोगी. परत आत आलो, रोगी. तीन वेळा जाऊन आलो. पहारेकरी संशयाने बघायला लागला, तेव्हा पायरीवर बसलो. सगळे आजारी खोकले आम्ही या पंख्याखाली घेतले होते. चाचणीसाठी बाजूला ठेवले, तेही याच पंख्याखालचे. कानसेनला खोकल्यातलं काही कळत नाही. त्याला हा पंखा कळतो. पंखा असला की रोगी, नसला की निरोगी. गावच्या दवाखान्यात हा पंखा नाही. तिथे तो सगळ्यांना घरी पाठवील, जसं माझ्या आईला पाठवलं. आणि हेच तर शंकाबाई जानेवारीपासून सांगत होत्या.

७ मार्च

संचालकांना फोन केला. सगळं सांगितलं, एप्रिल थांबवा म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्हाला कोणी फोडलंय का?"

मी म्हटलं, "माझी आई वॉर्डात आहे."

"त्याचं वाईट वाटतं. पण भावनेच्या भरात असलेल्या माणसाचं ऐकून मी एप्रिल थांबवू शकत नाही. आणि तो पलंग खरंच रिकामा होता, याला साक्षीदार कोण?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांचं प्रत्येक वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

मग शंकाबाईंना फोन लावला. त्या उचलणार नाहीत असं वाटलं होतं. उचलला. अर्ध्या तासात वॉर्डाच्या दाराशी हजर. "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाल्या नाहीत, एवढंच विचारलं, "आईंचे नमुने निरोगी ढिगातून काढले का?" काढले नव्हते. तिथेच बाकावर बसून काढले. मग वॉर्डातल्या छातीच्या डॉक्टरबाईंना बोलावून त्यांच्यासमोर पलंग रिकामा केला आणि बटण दाबलं. डॉक्टरबाईंनी आकडा वाचला, वर पंख्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे घेऊन एकाही दवाखान्यात पाऊल टाकू देणार नाही मी." संचालकांना त्यांनी स्वतः फोन केला. संध्याकाळी निरोप आला, काम पुढे ढकललंय. मला रजेवर जायला सांगितलंय. किती दिवस, ते सांगितलेलं नाही.

जाताना शंकाबाईंचे आभार मानायचे होते. जमलं नाही. "घरी सोडू का?" एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, "नको सर, आईंजवळ बसा."

९ मार्च

औषधं लागू पडतील असं डॉक्टरबाई म्हणतात, पण फार उशीर केलात असंही म्हणतात. सहा महिने तरी गोळ्या घ्याव्या लागतील. डाव्या फुफ्फुसाचं जे गेलं ते गेलं. जानेवारीत आला असतात तर, असं म्हणून त्या थांबल्या.

सकाळी त्या आईला एकेक विचारून लिहून घेत होत्या. ताप कधीपासून, भूक कधीपासून. मग विचारलं, "खोकल्यातून रक्त?"

आईने आधी बायकोकडे बघितलं, मग खिडकीकडे. "पडायचं."

"कधीपासून?"

"याने पहिल्यांदा फोनवर खोकला घेतला ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

बायको म्हणाली, "आई! मला तर तुम्ही महिन्याभराने सांगितलंत." मी रुमालांचा हिशेब लावत उभा होतो.

डॉक्टरबाई गेल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुझं यंत्र बरी आहे म्हणत होतं."

"यंत्र चुकलं असतं! तू सांगायचं होतंस. मी तेव्हाच उचलून आणलं असतं तुला."

आईने मास्क नीट केला. बोलताना तिला धाप लागत होती, म्हणून ती थांबून थांबून बोलली. "लहानपणापासून बघतेय तुला. दूधवाल्यावर तुझा विश्वास नाही. बहिणीवर नाही, बायकोवर नाही. मी जेवले म्हटलं तर तू ताट बघून यायचास. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तू कशावर तरी डोळे मिटून विश्वास ठेवला होतास, बाळा. म्हटलं, तेवढं तरी राहू दे तुला."